अकरा मुलं, अकरा तऱ्हांचं दूध

डोंबिवलीहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. त्या नऊ वर्षं राहत्या घरात पाळणाघर चालवतात. पत्राचा गोषवारा त्यांच्याच शब्दांत देते.

‘माझ्याकडे अकरा मुलं आहेत. सगळ्यात लहान आठ महिन्यांचं, सगळ्यात मोठी पाच वर्षांची. सकाळी अकराला आणि दुपारी चारला मी सगळ्यांना दूध देते. रोज अमूल ताजाच्या पिशव्या येतात, मी स्वतः तापवते. एक आई अडीच वर्षांच्या मुलीसाठी काचेच्या बाटलीतून गीर गाईचं ए-टू (म्हणजे ए-टू नावाचं प्रथिन असलेलं) दूध पाठवते. मागच्या आठवड्यात मदतनीस मावशींकडून अदलाबदल झाली. ते दूध दुसऱ्या मुलाला गेलं आणि मुलीला पिशवीचं. आईने ग्रुपवर लिहिलं, “माझ्या मुलीच्या जिवाशी खेळ चाललाय.” मग सगळेच बोलायला लागले. एकांना तबेल्याचं म्हशीचं दूध हवं, पिशवीचं म्हणे पाणी असतं. एका मुलाचे बाबा म्हणाले, आमच्या मुलाला दूध देऊच नका, अंगावर उठतं. एका आजींचं म्हणणं, दोन चमचे साखर घातल्याशिवाय नातू पीत नाही, आणि झोपताना बाटली तोंडात हवीच. एक आई सांगते, काहीही करा पण कप संपवायला लावा. आठ महिन्यांच्या बाळाची आई ऑफिसात पंपाने काढलेलं अंगावरचं दूध पिशव्यांत भरून आणते. ते फ्रिजमध्ये ठेवायला मावशींना नको वाटतं, आणि परवा “नासलंय” म्हणून त्यांनी एक पिशवी ओतून दिली. मी पाळणाघर चालवतेय की दूधकेंद्र? आता एकच नियम करावा म्हणते. सगळ्यांना एकच दूध, नाही पटलं तर दुसरीकडे बघा. ए-टूवाल्या आईने एक तारखेपासून मुलीला काढते म्हणून सांगितलंय. माझं काय चुकलं?’

ताई, नऊ वर्षं परक्यांची मुलं सांभाळून, दूध स्वतः तापवून, शेवटी ‘जिवाशी खेळ’ असं सगळ्यांसमोर वाचावं लागलं. ते किती लागलं असेल, हे तुमच्या पत्राच्या अक्षरांवरूनच कळतं. पण सगळ्यांना एकच दूध हा नियम करू नका. तुमच्याकडे आलेल्या या सगळ्या मागण्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचं वजन सारखं नाही. त्यातल्या दोन तुम्ही डोळ्यांत तेल घालून पाळायला हव्यात. काहींत आईबापांची आवड आहे, ती सोय असेल तर पाळावी. आणि दोन-तीन मागण्यांना तुम्ही सरळ नाही म्हणायला हवं, मग समोर आजी असोत की कोणी असो.

सगळ्यात आधी तो मुलगा, ज्याच्या अंगावर उठतं. तुमच्या पत्रात त्याला एकच ओळ मिळालीय, कारण त्याचे बाबा भांडले नाहीत. माझ्या मते पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. उद्याच त्यांना विचारा, ‘अंगावर उठतं’ म्हणजे नेमकं काय होतं, आणि दूध प्यायल्यावर किती वेळाने? काही मिनिटांत ते दोनेक तासांत पित्तासारख्या गांधी उठत असतील, ओठ किंवा डोळे सुजत असतील, उलटी होत असेल, तर ती दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. नुसतं पोट फुगणं आणि जुलाब असतील तर ते दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचण्याचं लक्षण असू शकतं. लहान मुलांत हे बरेचदा जुलाबाच्या आजारानंतर काही दिवस राहतं आणि जातं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. लॅक्टोजचा त्रास असलेल्या मुलाला पुष्कळदा दही चालतं, ॲलर्जी असलेल्याला दहीही नाही, ताकही नाही. यातलं काय आहे ते तुम्ही ठरवायचं नाही, मीही नाही. बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी मागा आणि ती फ्रिजच्या दारावर लावा.

ॲलर्जी निघाली तर मग घरात सगळ्यांनी सावध राहायचं. बिस्किटांत बरेचदा दुधाची भुकटी असते, म्हणून पुडा वाचायचा. वाढदिवसाचा केक, पेढा, दुधातला शिरा, दुसऱ्या मुलाने अर्धवट टाकलेला कप, सगळं त्याच्यापासून लांब. आणि कोणी म्हणेल, गाईचं सोसत नाही तर म्हशीचं द्या, शेळीचं द्या, नाहीतर ते ए-टू द्या. अजिबात नाही. या सगळ्या दुधांतली प्रथिनं इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला त्यांचाही त्रास होऊ शकतो. चुकून पोटात गेलं आणि श्वास लागला, चेहरा सुजला, मूल मलूल पडलं, तर आईबाबांच्या फोनची वाट न बघता दवाखाना गाठायचा, नाहीतर 108 लावायचा.

आता तुम्हाला कळलं असेल, त्या अदलाबदलीवर मी का थांबणार आहे. गीर गाईचं दूध दुसऱ्या मुलाने प्यायलं आणि पिशवीचं त्या मुलीने, यात कुणाचं काही बिघडलं नाही. पण तोच कप अंगावर उठणाऱ्या मुलाच्या हातात गेला असता तर? ए-टूवाल्या आईचे शब्द चुकले. कोणाच्याही जिवाशी तुम्ही खेळला नाहीत. तरी ज्या गोष्टीवर तिने बोट ठेवलं ती खरी आहे. कोणाचं दूध कोणाला जातंय, याचा पक्का बंदोबस्त तुमच्या घरात नाही.

तो करणं अवघड नाही. तुम्ही लिहिलंय की मावशींना वाचता येत नाही, म्हणून नावांच्या चिठ्ठ्या उपयोगाच्या नाहीत. प्रत्येक मुलाला एक चित्र द्या. हत्ती, आंबा, छत्री, होडी. तेच चित्र त्याच्या कपावर, त्याच्या डब्यावर आणि फ्रिजमधल्या त्याच्या खणावर. ॲलर्जीवाल्या मुलाचा कप पूर्ण वेगळ्या रंगाचा, आणि तो वेगळ्या ठिकाणी. दूध ओतणारी व्यक्ती एकच, त्या दहा मिनिटांत तिने दुसरं काही करायचं नाही, दारावरची बेल वाजली तरी तुम्ही जा. बालवाडीत मी बावीस मुलांना खाऊ वाटायचे तेव्हा हीच चित्रांची युक्ती होती. मुलंच सांगायची, ‘बाई, ही माझी छत्री नाही.’

दुसरी मागणी जी अक्षरशः पाळायची, ती आठ महिन्यांच्या बाळाची. ताई, इथे मला तुमच्याशी थोडं कडक बोलायचंय. मावशींनी जे ओतून दिलं, ते मिळवायला त्या बाळाच्या आईने काय केलं असेल याचा विचार करा. सकाळी लोकलमध्ये लोंबकळत जायचं, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एखादी रिकामी खोली शोधायची, नाही मिळाली तर स्वच्छतागृहात उभं राहून पंप करायचा, मग ते दूध बर्फाच्या पिशवीत घालून गर्दीत सांभाळत घरी आणायचं. 2017मध्ये मातृत्व रजेच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने 26 आठवड्यांची भरपगारी रजा आली. पण बाळाला वर्षभर आईचं दूध मिळावं तर पुढचे सहा महिने तिला असेच काढावे लागतात. ती ते काढतेय. तुमचं काम एवढंच की ते दूध वाया जाऊ नये.

ते दूध नासलेलं नव्हतं, याची मला जवळजवळ खात्री आहे. आईचं दूध थोडा वेळ ठेवलं की स्निग्धांश वर येतो, खाली पाणीदार, निळसर दिसतं. गाईचं दूध फुटल्यावर जसं दिसतं तसं वाटतं, पण तो नुसता थर असतो. हलक्या हाताने गोल फिरवलं की एक होतं. मावशींना एकदा हे करून दाखवा. आणि त्यांना नको का वाटतं तेही विचारा, ओरडून नाही, चहा पिताना. त्यांनीही मुलं अंगावर पाजूनच वाढवली असतील. बाटलीत, फ्रिजमध्ये, भाजीशेजारी ते बघायची सवय नाही एवढंच असेल.

सांभाळायचं कसं ते लिहून घ्या. पिशवीवर काढल्याची तारीख आणि वेळ आईने घालून द्यायची. फ्रिजमध्ये दारात ठेवायचं नाही, आत मागच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात. फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. बाहेर, गार खोलीत, फार तर चार तास, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ओट्यावर ठेवूच नका. गोठवलेलं असेल तर फ्रिजमध्येच सुटू द्यायचं आणि सुटल्यापासून 24 तासांत संपवायचं. कोमट करताना पिशवी गरम पाण्याच्या वाडग्यात बुडवायची. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच, त्यात काही भाग कढत आणि काही थंड राहतो, बाळाचं तोंड भाजतं. बाळाने उष्टं केलेलं उरलं तर दोन तासांच्या आत पाजायचं, नाहीतर टाकायचं. म्हणून एकदम ओतू नका, थोडं थोडं घ्या. वीज बराच वेळ गेली तर तिला लगेच कळवा.

आणि या बाळाला चुकूनही पिशवीचं दूध प्यायला देऊ नका, कपभर नाही आणि ‘एकच वाटी’ही नाही. वर्षाच्या आत गाईम्हशीचं दूध हे बाळाचं मुख्य दूध नसतं. त्यात लोह जवळपास नसतंच, आणि कोवळ्या आतड्यांतून त्यामुळे थोडं थोडं रक्तही जाऊ शकतं. आईचं दूध कमी पडलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं पावडरचं दूध, डब्यावरच्या मापानेच, पातळ न करता. बाकी खिमट, नाचणीची पेज, कुस्करलेलं केळं, मऊ वरणभात हे आठव्या महिन्यात चालूच असेल.

आता ज्या मागण्यांत नुसती आवड आहे त्यांच्याकडे येऊ.

ए-टूवाल्या आईला तिचं दूध आणू द्या. तुम्हाला ते पटायला हवंच असं नाही. आपल्या देशी गाईंचं आणि म्हशींचं दूध बहुतांशी ए-टू प्रकारचंच असतं, आणि त्यातलं लॅक्टोज इतर दुधाइतकंच. ते पिऊन मूल अधिक धडधाकट होतं असं मी खात्रीने म्हणणार नाही. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑगस्ट 2024मध्ये पिशव्या-बाटल्यांवरचे ए-वन, ए-टूचे दावे काढायला सांगितलं होतं, आणि आठवड्याभरातच तो आदेश मागेही घेतला. तिथेच एकमत नाही, तर तुम्ही स्वयंपाकघरात उभं राहून त्या आईशी वाद कशाला घालता? पैसे तिचे, मूल तिचं, आणि त्या दुधाने मुलीचं वाईट काही होत नाही. एकच अट घाला. शेतावरून थेट येणारं दूध पुष्कळदा कच्चं असतं. ते पाश्चराइज केलेलं आहे का हे तिला विचारा, नसेल तर तुमच्याकडे ते उकळल्याशिवाय कपात जाणार नाही. ‘कच्चंच द्या, जीवनसत्त्वं मरतात’ असं ती म्हणाली तर त्याला मात्र नाही म्हणायचं.

तबेल्याचं म्हशीचं हवं म्हणणाऱ्यांनाही तेच. आणून द्या, उकळून देऊ. पण त्यांच्या ‘पिशवीचं म्हणजे पाणी’ या बोलण्यावर तुम्ही गप्प बसलात, ते बसायला नको होतं. अमूल ताजा हे टोन्ड दूध आहे, आणि टोन्ड दुधात 3 टक्के स्निग्धांश असतो. गाईच्या दुधाचं प्रमाण 3.2 टक्के धरलेलं आहे. म्हणजे तुमची पिशवी गाईच्या दुधाच्या अगदी जवळची आहे. टोन्ड दूध आपल्या मुंबईतच सुरू झालं, आरे दूध वसाहतीच्या दारा खुरोडींचं ते काम. म्हशीच्या दाट दुधात स्निग्धांश नसलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून, प्रथिनं तेवढीच राखून, जास्त घरांना परवडेल असं दूध त्यांनी बनवलं. लोक अजून त्याला पाणी म्हणतात, याचं मला वाईट वाटतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र डबल टोन्ड देऊ नका, त्यात 1.5 टक्केच स्निग्धांश असतो, आणि या वयात मेंदूच्या वाढीला तो लागतो. वर्षाच्या पुढच्या मुलाचं दूध पाणी घालून पातळही करू नका, मग ते पचायला जड म्हणून कोणी कितीही सांगो.

दुधाचे पैसे फीमधून वेगळे काढा. ज्यांचं दूध घरून येतं त्यांच्याकडून तुमच्या पिशवीचे पैसे घेऊ नका. ग्रुपवरच्या कुरबुरीत थोडा भाग या पैशांचाही होता, असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं.

आणि आता नाही म्हणायच्या गोष्टी. साखर नाही. दोन वर्षांच्या आत वरून साखर लागतच नाही, पुढेही दुधात तिची गरज नाही. आजींना सांगताना डॉक्टरांचं नाव पुढे करू नका, त्यांना ते बोचेल. सांगा, ‘आजी, चार दिवस मी थोडं थोडं कमी करत नेते, तुम्ही घरी तेच करा.’ गूळ किंवा मध घालते म्हणाल्या तरी तेच उत्तर, आणि मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही चाटवायचा नाही. झोपताना तोंडात बाटली नाही. झोपेत दूध दातांवर साचून राहतं आणि पुढचे दात किडतात. काळे, तुटके पुढचे दात असलेली किती मुलं तुम्ही बघितली असतील. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला कप जमतो, सांडेल थोडं, सांडू द्या.

‘काहीही करून कप संपवा’ म्हणणाऱ्या आईला नाही म्हणायला सगळ्यात जास्त धीर लागेल, कारण ती काळजीने बोलतेय. पण नाक दाबून, मांडीत आवळून, टीव्ही लावून दूध घशात उतरवायचं काम तुमच्या घरात होणार नाही. तिच्या मुलीला दुधाचा वासच आवडत नसेल. काही मुलांना नाही आवडत. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 500 मिलिग्रॅम कॅल्शियम पुरतं. गाईच्या दुधाच्या शंभर मिलिलिटरमध्ये ते सुमारे 120 असतं, आणि नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे वाटीभर दही, नाचणीचं सत्त्व, तिळाची चटणी लावलेली पोळी, कधी पनीर, यांतून पुष्कळ भरून निघतं. त्या आईला रोज संध्याकाळी दोन ओळी पाठवा, मुलीने आज काय काय खाल्लं. ती कपाबद्दल विचारते, कारण दिवसभरात तिला मोजता येण्यासारखं दुसरं काहीच नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्याच पत्रात दिसली. तुम्ही दोनदा दूध देता. घरी सकाळी एक कप, रात्री झोपताना एक कप असेलच. प्रत्येकी दोनशे मिलिलिटर धरलं तरी आठशे झालं. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसभरात चारशे ते पाचशे मिलिलिटर पुरे. त्याहून जास्त झालं की पोट दुधानेच भरतं, पोळीभाजीला जागा राहत नाही, दुधात लोह नाही आणि जेवणातलं लोहही नीट अंगी लागत नाही. मग मूल पांढरं पडतं, चिडचिडतं, आणखी कमी जेवतं. आई म्हणते, जेवत नाही ना, मग दूध तरी पिऊ दे. या फेऱ्यात अडकलेली घरं मी खूप बघितलीत, आणि त्या घरांत दुधाची कमतरता कधीच नव्हती. प्रत्येक घरी विचारा, तुमच्याकडे किती वेळा दूध होतं? आणि अकराचं दूध बंदच करा, ताई. त्या वेळी फळ द्या, मऊ उपमा द्या, राजगिऱ्याच्या लाडवाचा तुकडा द्या. चारचा एक कप राहू दे. तुमचं कामही निम्मं होईल.

प्रवेशाच्या वेळी पुढे हे सगळं एका कागदावर विचारून घ्या. काही सोसत नाही का, घरी किती दूध होतं, इथे कुठलं द्यायचं, अंगावरचं येणार का. खाली तुमच्या तीन गोष्टी छापा, साखर नाही, झोपताना बाटली नाही, जबरदस्ती नाही. आईबाबांची सही घ्या.

राहिली ती ए-टूवाली आई. ग्रुपवर काहीही लिहू नका. रविवारी फोन करा आणि घरी बोलवा, मुलीला घेऊन. अदलाबदल झाली, ती आमची चूक होती, पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही हे केलंय, असं सांगून चित्रांचे कप दाखवा. पिशवीच्या दुधाबद्दल माफी मागू नका, त्यात माफी मागण्यासारखं काही नाही. ‘जिवाशी खेळ’ हे शब्द मला फार लागले, हेही सांगा, नऊ वर्षांत कोणी असं बोललं नव्हतं म्हणून सांगा. मग तिला बोलू द्या. तिने तरीही एक तारखेला मुलगी काढली तर पैशांचा हिशेब त्याच दिवशी चुकता करा. आणि ती थांबली, तर कपावर कुठलं चित्र लावायचं ते त्या मुलीलाच निवडू द्या.